मोकळ्या कोपऱ्याचा दर

आमच्या धंद्यात प्रत्येक गोष्टीला दर आहे. थर्मोप्लास्टिकचा पट्टा चौरस मीटरवर, कॅट आय नगावर, फलक त्याच्या आकारावर आणि वर चिकटवलेल्या चकाकत्या शीटच्या प्रतीवर. सरकारी दरसूचीत, जिला सगळे डीएसआर म्हणतात, ज्या कामाला आयटम नंबर आहे ते काम आज ना उद्या निघतं. ज्याला नंबर नाही ते कितीही गरजेचं असलं तरी कुणाच्या टेबलावर येत नाही. म्हणून रस्ता सुरक्षित करायचा म्हटलं की आपण त्यावर काहीतरी वाढवत जातो. पट्टा वाढवतो, पाटी वाढवतो, गतिरोधक वाढवतो. रस्त्यावरून काहीतरी काढून टाकायला मात्र दर नाही. हे मला नवीन पनवेलमधल्या एका साध्या चौकात कळलं. मोठ्या रस्त्यांवर इतकी वर्षं काढून कळलं नव्हतं.

मी पट्टे मारणाऱ्या एका ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे. पनवेलात राहून हा धंदा करायचा तर कामाला तोटा नाही. कळंबोलीहून पुण्याचा एक्स्प्रेस वे निघतो, पळस्प्याहून गोव्याचा रस्ता फुटतो, जुना पुणे रस्ता आहेच. एका अंगाला जेएनपीटीचे कंटेनर, दुसऱ्या अंगाला तळोजा एमआयडीसी. मोठ्या रस्त्यावर काम करणं त्या मानानं सोपं. तिथे अपघाताची नोंद होते, नोंदीवर बैठक होते, बैठकीतून काम निघतं. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर २०१६ साली १५१ माणसं गेली. त्याच सुमाराला सेव्हलाइफ फाउंडेशननं एमएसआरडीसी आणि महामार्ग पोलिसांना बरोबर घेऊन ‘झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’चं काम हाती घेतलं. एकेका अपघाताची चिरफाड केली. गाडी कशावर आदळली, कठड्याचं टोक कुठे उघडं होतं, बंद पडलेला ट्रक कडेला का उभा होता, अशी. पुढच्या काही वर्षांत तो आकडा चांगलाच खाली आला. आमच्या लोकांनीही त्या रस्त्यावर रात्री काढल्या आहेत.

गल्लीतल्या चौकाचं तसं नसतं. राष्ट्रीय महामार्गांसाठी ब्लॅकस्पॉटची व्याख्या ठरलेली आहे. साधारण ५०० मीटरचा तुकडा, मागची तीन वर्षं, त्यात मृत्यू किंवा गंभीर इजा झालेले पाच अपघात, नाहीतर एकूण दहा मृत्यू. आमच्या चौकात कुणी मेलं नव्हतं, आणि हीच त्याची खरी अडचण होती. गुडघे फुटले होते, मनगटं मोडली होती, शाळेच्या रिक्षातल्या एका पोराचे पुढचे दोन दात गेले होते. यातलं पोलिसांपर्यंत जवळजवळ काहीच पोहोचलं नव्हतं. दोघे पडतात, उठतात, एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करतात, कुणीतरी मध्ये पडतं, हेडलाइटच्या पैशांवर मिटतं आणि दोन्ही गाड्या चालू होतात. कागदावर चौक एकदम निर्धोक.

देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली १५ हजारांवर आपल्या महाराष्ट्रात. हा आकडा ऐकला की डोळ्यांसमोर घाट आणि ट्रक येतात. पण त्यात दुचाकीवरचे निम्म्याच्या जवळ आहेत आणि पायी चालणारे जवळपास एकपंचमांश. ही माणसं फक्त महामार्गावर नसतात. दूध आणायला, क्लासला, स्टेशनला निघालेली असतात.

या चौकाला नाव नाही. सिडकोनं वसवलेल्या नोडमध्ये सेक्टरला नंबर असतो, प्लॉटला नंबर असतो, चौकाला लोक म्हणतील ते. इथे ‘मेडिकलचा चौक’ म्हणतात. मेडिकल केव्हाच बंद पडून तिथे मोबाइलचं दुकान आलं, नाव राहिलं. सिडको १९७० सालची, आणि हे सेक्टर आखले गेले तेव्हा बिल्डिंगमागे चार-सहा स्कूटर असल्या तरी खूप. आता त्याच रस्त्यावर दोन्ही बाजूंनी मोटारी लागतात आणि मधल्या पट्ट्यातून रिक्षा, स्कूल व्हॅन, पाण्याचे टँकर, पार्सलवाले. सिग्नल नाही. बसवण्याइतकी वाहतूकही नाही. अशा बिनसिग्नलच्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असा नियम आहे. लायसनच्या परीक्षेनंतर तो कुणी पाळलेला मी पाहिला नाही.

शिवाय एका चौकाचे मालक अनेक. पनवेल महानगरपालिका झाली १ ऑक्टोबर २०१६ला, आणि सिडकोच्या नोडमधल्या सेवा टप्प्याटप्प्यानं तिच्याकडे आल्या. विजेचा खांब-डीपी महावितरणचा, वाहतूक नवी मुंबई पोलिसांची, झाडाच्या फांदीला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी, फुटपाथलगतचं कुंपण सोसायटीचं. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असतो आणि कोपरा तसाच राहतो.

मी तिथे गेलो ते झेब्रा पुन्हा मारायला. पुसला होता, मारायचा होता, ऑर्डर होती. दोरी धरून खडूनं आखणी चालली होती तेवढ्यात कोपऱ्यावरच्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावरून हाक आली, “अहो, पट्टेवाले! तोच झेब्रा किती वेळा मारणार? जरा वर या.” वर एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही म्हणू लागलो. स्वयंपाकघराच्या दाराला कॅलेंडर होतं. दुधाचा खाडा असेल त्या तारखेला फुली, सिलिंडर आला की ‘ग’, आणि मधूनमधून लाल पेनानं वर्तुळ. वर्तुळ म्हणजे खाली धडक. आवाज आला की बाई गॅलरीत जायच्या, बघायच्या, आत येऊन वर्तुळ काढायच्या आणि शेजारी बारीक अक्षरात सकाळ, दुपार की रात्र ते लिहायच्या. मागच्या वर्षांची कॅलेंडरं गुंडाळी करून कपाटावर ठेवली होती. त्यांनी ती काढून पलंगावर पसरली.

मोठ्या रस्त्यांवर सल्लागारांचे जाडजूड अहवाल मी हाताळले आहेत. या कॅलेंडरांइतका सरळ बोलणारा एकही नव्हता. पावसाळ्यातल्या संध्याकाळी वर्तुळं होती, ती असणारच. पण गणपतीच्या आधीच्या आठवड्यात ती दाटीनं होती, नवरात्रात होती, आणि मध्येच एखादा आठवडा असा, ज्याचा पावसाशी संबंध नाही, सणाशी नाही. मी बोट ठेवलं. बाई म्हणाल्या, “तो वाढदिवसाचा आठवडा. कुणाच्या ते विचारू नका, दर वर्षी वेगळा असतो.”

कोपऱ्यावर बॅनर लागला की धडका वाढत होत्या. बॅनर उतरला की कमी होत होत्या. झेब्रा पांढराशुभ्र असला काय आणि पुसलेला असला काय, त्यात फरक दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप घेऊन गेलो. आमच्याकडे एक साधा हिशेब असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांत तो दिलेला आहे. ताशी ४० किलोमीटरनं गाडी येत असेल तर ती सेकंदाला ११ मीटर चालते. समोर काहीतरी दिसलं, ते काय आहे ते कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, यासाठी अडीच सेकंद धरतात. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच २८ मीटर गेले. पुढे गाडी थांबायला आणखी सतरा. एकूण ४५ मीटर. ताशी ३० असेल तर तीसेक मीटर पुरतात, ५० असेल तर ६० लागतात. चालकाचा डोळा रस्त्यापासून १.२ मीटर उंचीवर धरायचा. मी स्कूटर आडव्या रस्त्यावरून झेब्र्यापर्यंत आणली, बसूनच उजवीकडे पाहिलं आणि टोळीतल्या एका पोराला टेप घेऊन चालायला सांगितलं. तो दिसेनासा झाला तिथे थांबवला. एक छोटा टेम्पो लांबीला जेवढा असतो, तेवढ्यावर तो गडप झाला होता. कारण तिथे टेम्पोच उभा होता, त्याच्या पुढे बांबूला बांधलेला बॅनर, गुडघ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत.

आपण डाव्या बाजूनं गाड्या चालवतो, त्यामुळे आडव्या रस्त्यावरून बाहेर येणाऱ्याला पहिला धोका उजवीकडून येणाऱ्याचा. तो त्याच्या नाकासमोरच्या लेनमधून येतो. डावीकडचा पलीकडच्या लेनमध्ये असतो, तेवढी उसंत मिळते. म्हणून कोपरे सगळेच महत्त्वाचे, पण आधी उजवा. आणि गाडी वळून निघून जाते त्या अंगाला काही उभं असलं तरी त्यानं तेवढं बिघडत नाही. येण्याच्या अंगाला असलं की बिघडतं. ही एवढीशी गोष्ट पुढे वडापावच्या गाडीच्या बाबतीत कामी आली.

सोसायट्यांची बैठक झाली तेव्हा सगळ्यांना गतिरोधक हवा होता. कुठल्याही बैठकीत गतिरोधकच हवा असतो. दिसतो, एका संध्याकाळीत होतो, आणि कुणाचं काही काढून घ्यावं लागत नाही. मी विरोध केला. दुसरी मागणी आरशाची, तो गोल फुगीर आरसा. आरसा मी लावून देतो, मला काय, माझा नग वाढतो. पण त्यात येणारी गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते, एप्रिलपर्यंत त्यावर धुळीचा थर बसतो आणि पावसात थेंबांशिवाय काही दिसत नाही. बेसमेंटच्या उतारावर तो ठीक आहे.

माझा भाचा जर्सी सिटीत असतो. शेजारीच होबोकेन म्हणून साठेक हजार वस्तीचं गाव आहे. जानेवारी २०१७ पासून कित्येक वर्षं तिथे रस्त्यावर एकही माणूस मेलं नाही, आणि त्यासाठी त्यांनी केलेल्या गोष्टींत सगळ्यात साधी ही की चौकाच्या कोपऱ्यावर गाडी उभीच राहू द्यायची नाही, तिथे खांब नाहीतर झाडांचे वाफे करून टाकायचे. कॅलिफोर्नियानं तर कायदाच केला, क्रॉसिंगच्या अलीकडे २० फूट मोकळे. मी हे बैठकीत सांगितलं. एक गृहस्थ म्हणाले, “तिकडे लोक ऐकतात.” मला वाटतं तिकडेही लोक ऐकत नाहीत, म्हणूनच खांब लावावे लागले.

मोकळं करायला सुरुवात बाईंच्याच कुंपणापासून झाली. जास्वंद माणसाच्या उंचीच्या वर गेली होती. पूजेच्या फुलांचा प्रश्न होता, तरी बाईंनी माळ्याला उभं राहून कमरेपर्यंत कापायला लावली. झाडाची फांदी मात्र दिव्याच्या बरोबर समोर आली होती. दिवा चालू, बिल चालू, उजेड पानांवर. फांदी छाटायला १९७५च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि ती लागावी यात माझी तक्रार नाही. पण अर्ज ज्या कार्यालयात गेला तिथून तो दुसऱ्या कार्यालयात, तिथून ‘स्थळपाहणीसाठी’, आणि पाहणीला आलेले साहेब दुपारी आले. दुपारी दिवा लागलेला नसतो. बाईंनी त्यांना संध्याकाळी सातला चहाला बोलावलं. ते आले, आणि काम झालं.

एक मोडकी व्हॅन होती, चारही टायर बसलेले, बोनेटवर वेल चढलेली. मालक गावी. तिच्या टपावर समोरच्या चाळीतल्या आजी गोधड्या वाळत घालत. व्हॅन उचलायचं ठरलं तेव्हा सगळ्यात मोठा विरोध आजींचा. त्यांना गच्चीवर दोरी बांधून दिली.

बॅनरचं सांगतो, कारण त्यात खरी गोम होती. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१७ साली बेकायदा फलकांबद्दल खणखणीत निकाल दिलेला आहे, शहरं विद्रूप करण्याविरुद्धचा कायदा १९९५चा आहे. कायदा माझ्या बाजूला होता. पण मला त्या चौकात रात्री गाडी लावून काम करायचं होतं. बॅनर लावणारा कार्यकर्ता पंचविशीतला, मोबाइलच्या दुकानात बसणारा. मी त्याला स्कूटरवर बसवलं आणि म्हटलं, “दादा, इथून उजवीकडे बघ, काय दिसतं?” तो म्हणाला, “साहेब दिसतात.” दुकानातली सगळी पोरं हसली, तोही हसला. मग मीच म्हटलं, खाली बांबूवर लावलास तर चौकात अडकलेल्यालाच दिसतो, परवानगी काढून समोरच्या दुमजली भिंतीवर लाव, स्टेशनकडून येणाऱ्यालाही दिसेल. हे त्याला पटलं. अपघाताचं पटलं की प्रसिद्धीचं, ते मी खोदून विचारलं नाही. बॅनर डोळ्यांच्या रेषेतून वर गेला एवढं मला पुरे होतं.

वडापावची गाडी नवरा-बायको चालवतात. वहिनींचं म्हणणं सरळ होतं, “भाऊ, कोपरा सोडला म्हणजे गिऱ्हाईक सोडलं. कोपऱ्यावर चार रस्त्यांचं गिऱ्हाईक येतं, मधे उभं राहिलं तर दोनच रस्त्यांचं.” यात खोटं काहीच नव्हतं. कोपऱ्याची किंमत त्या दोघांना कुठल्याही वाहतूक सल्लागारापेक्षा जास्त माहीत होती. म्हणून तर बॅनर, गाडी, टेम्पो, भाजीवाला सगळे तिथेच येतात. मी खडूनं जमिनीवर काढून दाखवलं. गाडी काढायची नाही, फक्त वळण झाल्यानंतरच्या अंगाला न्यायची. माणूस वळतो, वास येतो, पुढे थांबायला जागा असते, मागून हॉर्न वाजत नाही. गणपतीपर्यंत बघतो म्हणाल्या. गणपती गेले, गाडी नव्या जागीच आहे. टेम्पोवाल्याशी एवढं बोलावं लागलं नाही. त्याची जागा गेली तशी त्यानं पुढच्या गल्लीत दुसऱ्याची घेतली, आणि त्या गल्लीतले लोक आता माझ्या नावानं बोटं मोडतात.

डीपी हलली नाही. ती हलवायला एस्टिमेट, पैसे, केबल, खोदकाम, सगळंच लागतं. तिच्यावर काळे-पिवळे चकाकते पट्टे लावले आणि पुढे गेलो.

कोपरा मोकळा करणं एकवेळ जमतं. तो मोकळा ठेवणं कठीण. पनवेलात मोकळी जागा म्हणजे कुणाची तरी पार्किंगची जागा. आधी आम्ही प्लास्टिकचे वाकणारे नारिंगी खांब लावले. टँकरनं काही दिवसांतच ते झोपवले. मग पिवळे तिरके पट्टे मारले आणि त्याला लागून, कोपऱ्यापासून दूरच्या बाजूला, दुचाकींची जागा आखली. ही युक्ती टिकली. स्कूटरींची रांग लागली की मोटार घुसत नाही, आणि स्कूटरच्या हँडलवरून पलीकडचं दिसतं. जागा गेली असं कुणाला वाटलं नाही, कारण एका मोटारीच्या जागेत चार-पाच स्कूटर बसल्या.

मग आमचं काम. ते रात्रीच करायचं. बॉयलरमध्ये पावडर वितळवतो, १८० ते २०० अंशांपर्यंत नेतो. डिंक, खडूची भुकटी, पांढरा रंग आणि काचेचे मणी, सगळं पिठल्यासारखं रटरटतं. रस्ता आधी झाडूनं, मग ब्लोअरनं साफ, कारण धुळीवर मारलेला पट्टा महिन्याभरात पापडी होऊन उठतो. मग गाडा ढकलायचा, खाली अडीच मिलिमीटरचा थर पडत जातो, आणि गाड्यामागून एक माणूस वरून आणखी मणी टाकत चालतो. आमच्या टोळीत हे काम जालन्याकडच्या एका पोराकडे आहे. माल पातळ असताना मणी टाकले तर बुडून जातात, आवळल्यावर टाकले तर टणटण उडून गटारात. निम्मा मणी आत आणि निम्मा बाहेर राहिला पाहिजे. गाडीचा उजेड त्यात शिरतो, वाकतो, मागच्या पांढऱ्यावर आपटून आल्या वाटेनं परत चालकाच्या डोळ्यात जातो. तेवढ्यासाठी हा खटाटोप. पोराला हे शिकवावं लागलं नाही. तो मालाच्या वाफेकडे बघून हात चालवतो. पट्टा निवला की मी लांब जाऊन उकिडवा बसतो आणि टॉर्च कानशिलाला लावून मारतो. सगळा पट्टा एकसारखा पेटून उठला तर ठीक. मध्येच काळं दिसलं तर त्या ठिकाणी पोराचा हात चुकला किंवा त्याला कुणाचा तरी फोन आला.

झेब्रा क्रॉसिंग पहिल्यांदा रस्त्यावर आलं ते इंग्लंडमधल्या स्लाउ गावात, ३१ ऑक्टोबर १९५१ला. तिथे त्याच्या दोन्ही बाजूंना नारिंगी गोळ्याचे दिवेही असायचे, म्हणजे नुसत्या पट्ट्यांवर त्यांनीही भरवसा ठेवला नव्हता. आपल्याकडे पट्टे आले, दिवे राहिले. पादचारी दिसायचा असेल तर दिवा क्रॉसिंगच्या थोडा अलीकडे, गाडी येते त्या अंगाला हवा, म्हणजे उजेड माणसाच्या अंगावर पडतो. पलीकडे असला तर माणूस काळी सावली होतो आणि काळी सावली रस्त्यात मिसळून जाते. आमच्या चौकात एका अंगाला दिवा नशिबानं बरोबर ठिकाणी होता, दुसऱ्या अंगाला नव्हता, म्हणून तिथे मी झेब्राच चार पावलं मागे घेतला. खांब हलवण्यापेक्षा पट्टा हलवणं स्वस्त.

कोकणातल्या पावसापुढे हे मणी मात्र फिके पडतात. पट्ट्यावर पाण्याचा पातळ थर चढला की मण्यांचं काम संपतं, उजेड परत येण्याऐवजी पुढे घसरतो. जेव्हा सगळ्यात जास्त गरज तेव्हाच झेब्रा गायब. म्हणून पावसासाठी उंचावलेले कॅट आय आणि उभी पाटी. थांबा हा फलक अष्टकोनी का असतो हे फार लोकांना माहीत नसतं: पाठीमागून, चिखलानं माखलेला असताना, अंधारातही त्याची कड ओळखू येते. तोच आम्ही आडव्या रस्त्याच्या दोन्ही तोंडांना लावला. लोक थांबतात का? नाही. पण पाय ॲक्सिलरेटरवरून निघतो, आणि आता नजर उजवीकडे गेली की तिला रस्ता दिसतो.

एमबीत, म्हणजे मेजरमेंट बुकात, हे सगळं चढवताना इंजिनिअर साहेब आणि मी बराच वेळ बसलो. पिवळे तिरके पट्टे होते, त्यांचे मीटर निघाले. पट्ट्यांच्या मधली जागा, जी खरं तर त्या कामाचा जीव होती, ती अर्थातच वजा झाली. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १९८अ कलमानं रस्ता बांधणाऱ्यांनाही जबाबदार धरलं आहे, मानकं पाळली नाहीत आणि जीव गेला तर एक लाखापर्यंत दंड. दंड आहे हे चांगलंच. मात्र पट्टे बरोबर जाडीचे आहेत आणि त्यांच्यासमोर टेम्पो उभा आहे, या स्थितीत पट्ट्यांची जाडीच तपासली जाते.

पहिल्या पावसाळ्यानंतर बाईंच्या कॅलेंडरवर वर्तुळं विरळ झाली होती. एका पावसाळ्यावर मी काही मोठं बोलणार नाही. आणि एक नवीनच गोष्ट दिसू लागली. उभ्या रस्त्यावरून स्टेशनकडे जाणारे आता चौकात पूर्वीसारखे दबकत नाहीत. लांबवर मोकळं दिसतं म्हणून हँडल पिळतात. नवी मुंबईचं विमानतळ २०२५च्या अखेरीस सुरू झालं, तेव्हापासून मोठा रस्ता तुंबला की टॅक्सीवाले या गल्लीतून काढतात आणि त्यांना वेळ गाठायची असते. धडका कमी आहेत, पण एखादी झाली तर ती पूर्वीपेक्षा जोरात असेल. ताशी ३०ला धडकलेला पादचारी बहुतेक वेळा वाचतो; ५०ला त्याची खात्री देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना वस्तीतल्या रस्त्यांवर ३०च्या वर जाऊ नका म्हणते, ते याचसाठी.

तेव्हा बैठकीत मी ज्याला विरोध केला होता तो गतिरोधक उभ्या रस्त्यावर एका बाजूला घ्यायचं ठरलं आहे. पण तो कसा, यावर मी अडून बसलो. रोड्स काँग्रेसच्या मापात तो ३.७ मीटर रुंद आणि मध्यावर १० सेंटिमीटर उंच असतो, १७ मीटर त्रिज्येच्या वळणाचा, ताशी २५नं सहज ओलांडता येईल असा. आपल्या गल्ल्यांत उरलेलं डांबर फावड्यानं रचून जो करतात तो याच्या पाव रुंदीचा आणि त्याहून उंच. त्यावर रुग्णवाहिकेतला माणूस उडतो, आणि स्कूटरवाला गटाराकडच्या फटीतून, जिथे डांबर पोहोचलेलं नसतं आणि लोक चालत असतात, तिथून सुसाट निघून जातो. सोसायटीतल्या सुतारानं मला १७ मीटरच्या वळणाचा प्लायचा साचा कापून दिला आहे. डांबर पसरताना तो आडवा धरायचा आणि जास्त झालेलं खरवडायचं. कडेपर्यंत न्यायचं, गटाराच्या झाकणापर्यंत, फट ठेवायची नाही.

रोलरवाल्याला साचा दाखवला तर तो म्हणाला, एवढ्या मालात तुमचे तीन गतिरोधक होतील. एकच करायचा आहे म्हटल्यावर त्यानं ठेकेदाराला फोन लावला. दसऱ्यानंतर, डांबराचा प्लांट सुरू झाला की रात्री अकराला तो येणार आहे. त्या रात्री स्कूटरी आत घ्याव्यात अशी चिठ्ठी बाईंनी चारही बिल्डिंगच्या जिन्यांत आत्तापासूनच लावली आहे.